घर कुठं तुमचं?

आपल्या हातून कुणाचं वाईट झालं असं वाटलं, की मार्लिस ह्रुश्का रुबार्बच्या, म्हणजे इथल्या एका आंबट देठाच्या, वड्या भाजते. सव्वीस वर्षांत आमच्या विद्यापीठाच्या पगार विभागाने अशा पुष्कळ वड्या खाल्ल्या; अपराध काय ते बहुतेक वेळा कळलंही नाही. दुसऱ्याची छत्री चुकून घरी नेली, तेव्हा दोन ताटं आली होती.

यंदा मार्चमध्ये चार आली.

परदेशातून आलेल्या नोकरदारांचे कराचे फॉर्म मार्लिस भरून घेते. त्यातला पहिला प्रश्न असा, की करकायद्याने तुम्ही इथले निवासी की अनिवासी? ग्रीन कार्ड असेल तर निवासी, विषय संपला. पण आल्या आल्या माणसाला ‘कार्ड आहे का, दाखवा’ म्हणणं मार्लिसला उद्धटपणाचं वाटे. अमेरिकेत, निदान आमच्या आयोवा राज्यात, तसं विचारत नाहीत. म्हणून ती चष्मा काढून विचारायची, “घर कुठं तुमचं?” समोरचा खुलायचा, गावाचं नाव सांगायचा, आणि ती ‘अनिवासी’समोर खूण करायची. बहुतेकजण त्याच आठवड्यात विमानातून उतरलेले असत, त्यामुळे उत्तर बरोबर निघे. चुकीची पद्धत इतकी वर्षं बरोबर उत्तरं देत राहिली, तेच वाईट झालं.

ग्राझिना पिएत्रुश चेलो शिकवते. ती आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांपूर्वी मिळालेलं ग्रीन कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. मार्लिसने घर विचारलं. ग्राझिनाची आई पोलंडमध्ये तोरुन गावी असते, म्हणून ती म्हणाली, “तोरुन.” मार्लिसने अनिवासीचा फॉर्म भरला, दोन देशांच्या करारातली सवलतही मागितली. ग्राझिनाने विश्वासाने सही केली आणि दोन वर्षं विवरणपत्रंही तशीच भरली.

आता तिने नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. अधिकाऱ्याने ते कागद पुढे ठेवले. आपण इथे राहत नाही असं तिने स्वतः लिहून दिलेलं, वर त्याची सवलतही घेतलेली. म्हणजे कार्डावर तिनेच पाणी सोडलं, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे तिने सिद्ध करायचं. नाहीतर नागरिकत्व राहिलंच, कार्डही धोक्यात.

“तुम्ही मला कार्डाचं विचारलंच नाहीत, मिसेस ह्रुश्का,” ती आमच्या टेबलांपाशी येऊन म्हणाली.

“नाही विचारलं.”

“मला वाटलं, तुम्ही गप्पा मारताय.”

“मलाही तसंच वाटायचं हो.” मार्लिसने ताट पुढे केलं.

ग्राझिनाने एक वडी उचलली. “छान आहे. एक वकिलाला नेऊ? अधिकाऱ्यापुढे ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नाही.”

मार्लिसने ताट खाली ठेवलं आणि कागद ओढला.

आमचा साहेब ड्वेन धावत आला. “दोन ओळी लिही. ‘कारकुनी चूक झाली.’ खाली शिक्का. कुणाचं नाव नको.”

“कारकून कोण, ड्वेन?”

“अगं, तशी म्हणायची पद्धत असते.”

“सव्वीस वर्षं कारकून मीच आहे.”

तिने पानभर लिहिलं: प्रश्न काय विचारला, उत्तर काय आलं, कार्ड कसं मागितलंच नाही. शेवटी, ‘बाई खरं बोलल्या. माझा प्रश्न चुकीचा होता.’

ड्वेनने वाचलं. “तुझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, मार्लिस.”

“म्हणून तर सही वाचता येईल अशी केलीय.”

अधिकाऱ्याने पत्र ठेवून घेतलं आणि दोन वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त करून मागितली. जूनमध्ये अर्ज मंजूर झाला. ग्राझिना सांगायला आली.

“आता कुणी घर विचारलं तर काय सांगू?”

“तोरुनच सांगा,” मार्लिस म्हणाली. “पण आधी कार्ड दाखवा.”

ग्राझिना हसली. मार्लिस हसली नाही. वड्याही त्या दिवशी आल्या नव्हत्या. ग्राझिना गेल्यावर तिने भिंतीकडचं कपाट उघडलं आणि जुन्या फायली एकेक करून काढायला घेतल्या. आणखी कुणी असंच गावाचं नाव सांगितलं होतं का, ते बघायचं होतं.

दुपारपर्यंत पहिला कप्पा झाला. दुसऱ्यापाशी ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. ती रजेवर असताना भरलेल्या त्यातल्या फायलींवर सह्या माझ्या होत्या. चष्मा काढून घर विचारायचं मी तिच्याकडूनच शिकलो होतो.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.