चालू लाइनवरचं काम

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत हरिचंद्र रोकडे अठ्ठावीस वर्षं पाइप फिटर होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने चालू लाइनला एकदाही पाना लावला नव्हता. आधी व्हॉल्व्ह बंद, मग काम. घरच्या नळाचा वायसर बदलायचा तरी हा आख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद करून यायचा आणि वरच्या मजल्यावरच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचा.

२००६ साली त्याच्या उजव्या पोटरीने असहकार पुकारला. शंभरेक पावलं चाललं की गोळा यायचा, थांबलं की जायचा. डॉक्टर म्हणाले, मांडीतली रक्तवाहिनी विड्यांनी चोंदली आहे. विडी सोडा, रोज चाला, नाहीतर पुढे पाय जाईल. हरिचंद्रने विडी सोडली. चालण्याचं मात्र मनावर घेतलं नाही. बिघडलेली लाइन बंद ठेवायची असते, एवढं साधं डॉक्टरला कळू नये याची त्याला कीव आली. हेंद्रेपाड्यातल्या घरात त्याने पाय खुर्चीवर ठेवला आणि तीन आठवडे शटडाउन घेतला.

त्याची मुलगी यशोधरा उल्हासनगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. एके दिवशी तिने खुर्चीच ओढून घेतली.

"पप्पा, नवीन रक्तवाहिन्या बनवणारी जनुकं मोठ्या माणसातही असतात, पण बहुतेक झोपलेली. चालून स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की ती जागी होतात. तुम्हीच पाय पसरून बसलात, तर ती कशाला उठतील?"

"अगं, चालू लाइनवर जोडणी? आमच्याकडे डायरेक्ट मेमो मिळतो. लीक झाली तर?"

"होतेच आधी. नवीन वाहिनी कच्ची असते. मग बाहेरून दुसऱ्या पेशी तिला वेढतात, तेव्हा ती पक्की होते. तेही जनुकंच ठरवतात. पण रक्त वाहत राहिलं तर, नाहीतर ती सुकून जाते."

"आणि सुपरवायझर कोण?"

"कोणी नाही."

सुपरवायझरशिवाय पाइप पडतो, हे हरिचंद्रला काही पटेना. तो आणखी वाद घालणार, एवढ्यात यशोधरा रडवेली झाली. "तुमचा पाय कापला ना पप्पा, तर मला बघवणार नाही." तेव्हा तो गुपचूप चपला शोधायला लागला.

रोज संध्याकाळी बापलेक निघत. तिसऱ्या विजेच्या खांबाशी गोळा येई. खांबाला टेकून तो म्हणे, "तुझी जनुकं कामचुकार आहेत, यशू." दीड महिन्याने गोळा चौथ्या खांबाशी यायला लागला, तर हा म्हणाला, "दीड महिन्यात एक खांब! आमच्याकडे काढून टाकलं असतं." तरी दुसऱ्या दिवशी चपला घालून तोच आधी दारात उभा.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. हरिचंद्र तावातावाने बोलत चालला होता. लाइन बंद करून काम केलं असतं, तर एका शिफ्टमध्ये आटपलं असतं, असा त्याचा मुद्दा होता. पलीकडून उत्तर येईना म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. यशोधरा लांब, त्याला नेहमी गोळा येई त्या खांबाशीच उभी होती, ओढणी डोळ्यांना लावून.

"काय गं, दमलीस?" त्याने ओरडून विचारलं.

ती नुसती मान हलवत राहिली. मग त्याने दोघांमधले खांब मोजले. पाच.

"ये सावकाश," त्याने हाक दिली. "मी थांबतो."