पुडिंगची आरती

रममध्ये भिजलेल्या मनुकांचा वास आला की आधी माझे पाय दुखायला लागतात. गेल्या वर्षी नाताळचा आठवडा होता आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरी लक्ष्मीची पूजा सासूबाईंनी एकट्यानेच मांडली होती, आणि मी कळंबच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये कामावर, उपाशीपोटी सकाळपासून उभी. संध्याकाळी आचाऱ्याने त्या मनुका घालून वाफवलेल्या नाताळच्या काळ्या पुडिंगवर रिवाजाप्रमाणे ब्रँडी ओतून काडी लावली, दिवे मालवले आणि तो ताट घेऊन पाहुण्यांकडे निघाला. निळी ज्योत समोरून जाताना माझे हात आपसूक तिच्यावर गेले आणि तोंडावरून फिरले. "अगं, आरती नाय ती, पुडिंग हाय," भांडी घासणारी मावशी म्हणाली आणि ओले हात पदराला पुसून तिनंही आरती घेतली. यंदाही गुरुवारची सुट्टी मिळालेली नाही. पुडिंग मात्र आहे.