गाडी देण्याआधी

रिसोडच्या बसस्टँडमागे ज्या मिस्त्रीकडे मी मोटरसायकल टाकतो, तो ख्रिस्ती आहे. पान्यांच्या फळीवर त्यानं छोटा लाकडी क्रूस ठोकलाय. रविवारी दुकान बंद ठेवून तो प्रार्थनेला जातो. इतर दिवशी दुरुस्त झालेली गाडी देण्याआधी सीटवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हे चुकत नाही.

एकदा आईला वाशीमला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मिस्त्रीला तसं आधीच सांगितलं होतं. गाडी तयार होती. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि किल्ली खिशात टाकली.

"आज नका नेऊ, भाऊ. मांगचं चाक पुन्हा खोलून पाह्यतो."

"काहून? काय झालं?"

"दिसून तं काहीच नाही राह्यलं. पण प्रभू आतून थांब म्हणून राह्यला."

मी चिडलो. एसटीनं पोहोचेपर्यंत आईचा नंबर गेला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं.

संध्याकाळी तणतणत दुकानात गेलो, तर सगळं चाक सुटं करून तो शांतपणे पुसत बसला होता.

"काहीच नाही निघालं," तो म्हणाला. "तुमचा खोळंबा झाला, माफ करा. पण पुन्हा असं वाटलं तं पुन्हा थांबवीन."

त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा नव्हता, हट्टही नव्हता.

घरी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "गाडी त्याच्याकडंच टाकत जाय. मी मांगं बसनार होती, हे त्याले माहीत होतं. तुया राग सोसला, पण गाडी नाही देली त्यानं."