शनीचं कडं

"आप्पा, एकदा वरून बघा," असं आमचा पेंटर कशाबद्दलही म्हणायचा. पाटोद्यात माझं रंगाचं दुकान आहे. तो आला की आधी माझी शिडी ओढून घ्यायचा, वर चढायचा आणि तिथून काउंटर, डबे, माझं टक्कल, सगळं न्याहाळायचा. गिऱ्हाइकं हसायची. त्याला त्याचं काही वाटत नसे.

गाव त्याला पेंटर म्हणायचं, पण दुकानाची पाटी त्यानं कधी रंगवली नाही. शिकलेला चित्रकार होता, पुण्या-मुंबईत प्रदर्शनं झालेली. तुम्ही त्याचं चित्र पाहिलं असतं, तर माझ्यासारखंच तुम्हालाही आधी काही कळलं नसतं. मोठा काळा पसारा आणि त्यात कुठेतरी एक भगवा ठिपका. "हे आपलं यान," तो सांगायचा. लोक घराला पिस्ता नाहीतर बदामी नेतात. काळ्याचे डबे संपवणारं हे एकच गिऱ्हाईक. विमानात मात्र तो कधी बसला नव्हता. यान सुटायचं असलं की माझ्या दुकानातल्या टीव्हीसमोर येऊन बसायचा, आणि उलटी मोजणी सुरू झाली की हातातला चहासुद्धा खाली ठेवायचा.

डावा हात कोपरात जरा वाकडा होता. लहानपणी दोन्ही दंडांना सुपं बांधून त्यानं कडब्याच्या गंजीवरून उडी घेतली होती. "उडालतो आप्पा, खरंच उडालतो. पडलो ते नंतर." हे तो इतक्या रुबाबात सांगायचा की मोडलेल्या हाडाबद्दल विचारायची आपल्यालाच लाज वाटे.

मग जवळच्याच त्याच्या गावातल्या शनिमंदिराला नवा सभामंडप झाला. गाभाऱ्यातल्या शिळेवर तेल घालायचं आणि बोटाला उरलेलं बाहेरच्या नवग्रहांना लावायचं, ही तिथली रीत. आधी तिथं फोटो टांगलेले होते. आता भिंतीवरच नवग्रह काढायला कमिटीनं त्याला बोलावलं. गावानं त्याला दिलेलं हे पहिलंच काम. गडी हरखून गेला. भिंतीला पडदा लावून आत राबत राहिला.

पडदा सरकला तेव्हा मीही होतो. कावळा नाही, रथ नाही, एकाही ग्रहाला तोंड नाही. काळ्या भिंतीवर नुसते गोल. राहू-केतूच्या जागी दोन सावल्या, आणि मधोमध पिवळं कडं घातलेला शनी.

कमिटीचे अध्यक्ष पाटील भिंतीजवळ गेले. "देव कुठं हायत बे?" त्यांनी विचारलं.

"हेच हायत, पाटील. हायत तसे काढलेत."

कमिटीत गलका झाला. चुना मारून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्यानं शांतपणे शनिवारपर्यंतची मुदत मागितली. एकानंही हात जोडले नाहीत तर मी स्वतःच चुना मारतो, म्हणाला. वर चुन्याची गोणी मलाच आणायला लावली. मला त्याचा राग आला. इतकं जीव ओतून केलेलं काम कुणी असं पणाला लावतं का?

शनिवारी लोक गाभाऱ्यातून तेलाची बोटं घेऊन बाहेर आले आणि भिंतीसमोर घुटमळले. कुणी पुढे होईना. तो खांबाला टेकून उभा होता. मग त्याचे म्हातारे चुलते, नाना, काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि त्या कड्याकडे निरखून बघू लागले.

"ह्यो शनी का रे?"

"व्हय, नाना."

"लई लांब राहतो?"

"समद्यात लांब."

"लांबूनच नजर ठेवतो म्हणतेत. मग बरोबर हाय." नानांनी कड्याला तेल लावलं आणि हात जोडले. त्यांच्यामागे रांग लागली. पाटीलही रांगेत आले. मला आनंद झाला, पण दुकानदाराचा जीव. इतक्या तेलानं रंग जाईल म्हणून मी काच बसवायला सुचवलं. तो डोळे पुसत होता.

"लागू द्या, आप्पा. ते आता माझं चित्र राहिलं न्हाई."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. झोपेतच हृदय थांबलं.

परवा पाटील स्वतः दुकानात आले. तेलानं शनीचं कडं काळवंडलंय म्हणाले, तोच पिवळा द्या, माणूस लावून नीट करून घेतो. मी डबे काढू लागलो आणि थांबलो. तो पिवळा कुठल्याच डब्यात नव्हता. पेंटर माझ्याकडून पांढरा न्यायचा आणि त्यात थेंबथेंब रंग टाकून स्वतः जमवायचा. हे मी पाटलांना सांगितलं.

पाटलांनी काढलेले डबे माझ्याकडे परत सरकवले.

"मग राहू द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा हात न्हाई लावायचा त्याला."