फाल्कनबर्गच्या गडावर, दीड वाजता

नीळकंठ वेळेचा इतका पक्का, की नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आम्हा मराठी लोकांना त्याचा राग यायचा. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी त्याचा मेसेज: 'झोपाळूंनो, घड्याळ बदला.' दोन हजार वीस साली दसरा नेमका त्याच रविवारी आला.

पुण्यात त्याचे बाबा कोविड वॉर्डात होते. पेशंटजवळ फोन ठेवू देत नसत. रोज तिकडच्या पाचला, म्हणजे आमच्या दीडला, नर्सच्या फोनवर व्हिडिओ कॉलला पाच मिनिटं मिळायची, तीही आपणच फोन लावायचा. त्या संध्याकाळी त्यांना व्हेंटिलेटरवर घेणार होते. मग बोलणं बंद. आदल्या दिवशी बाबा धापा टाकत म्हणाले, "तुझ्या त्या सपाट देशात एखादा गड असेल तर दाखव." आयुष्यभर दर दसऱ्याला गड चढलेला माणूस तो.

म्हणून आम्ही दोघे फाल्कनबर्गला निघालो. गाडीत त्याचा पाय सारखा हलत होता. त्याच्या बायकोने, वैदेहीने, दिलेल्या दशम्या साडेबाराला पार्किंगमध्ये मी एकट्यानेच खाल्ल्या. "खा रे, अजून तास आहे," मी म्हणालो.

तिकीट एक वाजताचं होतं. मास्क लावून चढलो. पडक्या पिवळट भिंती, खाली जुन्या गावाची छपरं. त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. चारदा जागा बदलली. "इथून बुरूज नीट येतो का बघ." दीडला फोन लावला.

"अहो, सहा वाजले," नर्स म्हणाली. "साडेपाचला नळी घातली. पाचला मी फोन घेऊन बाबांजवळच उभी होते."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घड्याळ मागे केलं, पण भारत आता साडेतीन नाही, साडेचार तास पुढे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काही म्हणाले?" त्याने नर्सला विचारलं.

"म्हणाले, 'चढत असेल. चढताना बोलायचं नाही, दम लागतो, हे मीच शिकवलंय त्याला.'"

बाबा चौथ्या दिवशी गेले.

नीळकंठचा मेसेज अजून येतो. झोपाळू आता कुणाला म्हणत नाही. 'घड्याळ एक तास मागे. घरी फोन करायचा असेल, तर आजपासून साडेचार.'