एसीची पूजा

समस्त आप्तेष्टांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या गाडीच्या एसीने संप पुकारला. बटण दाबावं तर आत जाईचना. शेजारी माझी बायको सुमन, तिच्या मांडीवर घरच्या श्रीखंडाचा डबा. लेकीच्या सासरी श्रीखंड पहिल्यांदाच निघालं होतं आणि सुमन त्याला पदराने वारा घालत होती.

"तरी सांगत होते, गाडी दाखवून आणा. आता विहीणबाईंसमोर आंबलेला डबा उघडू?"

वाटेतल्या गॅरेजात शिरलो. मेकॅनिकने आधी फ्यूज तपासला. तो ठणठणीत होता. मग त्याने बटणाच्या फटीत टाचणी घालून काहीतरी उकरलं आणि तळहातावर घेऊन आम्हाला दाखवलं. कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा! आदल्या दिवशी सुमनने गाडीच्या एकेका बटणाला हळदकुंकू लावून अक्षता वाहिल्या होत्या.

मला एसीचा राग येईना. शिलाई मशीन असो की विळी, ज्यांच्यावर आपला संसार चालतो त्यांना आपण वर्षातून एकदा हात जोडतो आणि त्या दिवशी कामाला लावत नाही. एसीने ती सुट्टी एक दिवस वाढवून घेतली, एवढंच.

बटण दाबताच एसीचा थंड वारा सुटला. मी विजयी मुद्रेने सुमनकडे पाहिलं. ती त्या दाण्याकडे टक लावून बघत होती. एकदम म्हणाली,

"बाई गं! तरी बरं, नारळ बाहेर फोडला!"