कानावरचा बिबट्या

आंबीच्या महिपतीच्या उजव्या कानाला, वरच्या कडेवर, एक व्रण होता. तांदळाच्या दाण्याएवढा, मध्ये जरा खोलगट. एवढ्याशा व्रणाच्या जोरावर माणूस किती मोठा होऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं त्या काळी आमच्या आंबीत यायला हवं होतं.

मी लहान होतो तेव्हा तो व्रण बाभळीच्या काट्याचा होता. महिपतीला मिशा फुटल्या तेव्हा तो बोकडाच्या शिंगाचा झाला. लग्नानंतर रानडुकराच्या सुळ्याचा. आणि बाप वारल्यावर, खोटं पाडणारं कुणी उरलं नाही तेव्हा, तिथं आंदर मावळातला बिबट्या आला आणि कायमचा मुक्कामाला राहिला. बिबट्यानं पंजा उगारला, महिपतीनं मान वळवली, म्हणून कानावर निभावलं. मान कशी वळवली हे तो दर वेळी करून दाखवायचा. ती कधी डावीकडे वळायची, कधी उजवीकडे. मी एकदा भर पारावर विचारलं की नेमकी कुठं वळवली होती. तेव्हापासून त्याच्या घरचा चहा मला बंद झाला.

त्याचं दुसरं पालुपद म्हणजे, आमच्या घरानं आजवर कुणापुढं हात पसरला नाही. हे खरं असेल. पण हात उघडलाही नव्हता, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. नदीच्या अंगाला बयाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. एक म्हैस आणि जमिनीचा तुकडा एवढाच तिचा संसार. तिची गावात यायची वाट महिपतीच्या बांधावरून होती. एका पावसाळ्यात म्हशीनं जाता जाता भाताचा एक घास घेतला, आणि महिपतीनं बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून वाटच बंद केली. म्हातारीनं विनवणी केली, तर म्हणाला की मी काही धर्मशाळा काढलेली नाही. तेव्हापासून ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन नदीकाठानं वळसा घालून यायची. गावातल्या चार शहाण्यांनी या गोष्टीकडे कानाडोळा केला. त्यांत मीही होतो आणि मला त्याचा राग येतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर महिपती आंबेमोहर पोचवायला गेला. तिथं कुणी पाहुणा उतरला होता. त्याच्या कानाच्या वरच्या कडेला दोन मोती आणि मध्ये लाल खडा असलेली भिकबाळी होती, आणि नोकरचाकर त्याला सरकार म्हणत होते. महिपतीला कुणी बस म्हणालं नाही. व्हरांड्याच्या पायरीशी तो बराच वेळ उभा राहिला आणि परतताना त्यानं ठरवून टाकलं की माणसाला बसायला का सांगतात याचं कारण ती बाळी आहे.

त्यात त्याच्या मुलीचं, शालूचं, लग्न वैशाखात ठरलेलं. व्याही रखमाजी लोणावळ्याला रेल्वेत मुकादम होते. त्यांचं वऱ्हाड मांडवात शिरताना आपण भिकबाळी घालून उभं राहायचं, हे महिपतीच्या मनानं घेतलं. त्याची बायको कस्तुराबाई मोजकं बोलणारी. तिनं एवढंच विचारलं की त्या बाळीच्या नावात भीक आहे, ती ऐकलीत का. आमच्याकडे कुणाला हे सांगावं लागत नाही. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती नवं मूल झालं की पाच घरी पदर पसरते, मिळेल त्या सोन्याची बाळी करून मुलाच्या कानात घालते. मरण दारात आलंच तर त्याला वाटावं, हे भिकाऱ्याचं पोर, हे नेऊन काय करायचं. पुढे थोरामोठ्यांनी तिला मोती लावले आणि भीक विसरली गेली. महिपतीला बाळी मोत्यांपासून पुढे ठाऊक होती. त्यानं बायकोचं बोलणं कानामागे टाकलं. कानाचा त्याला तेवढाच उपयोग ठाऊक होता.

माघात तो तळेगावला दत्तोबा सोनाराकडे गेला. दत्तोबा सोनं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला पाटील म्हणायचा आणि मोडायला येणाऱ्याला नुसतंच 'या' म्हणायचा. त्यानं कान चाचपला आणि म्हणाला की व्रणावर टोचू नये, कातडी मेलेली असते, जखम नीट भरत नाही. चार दाणे बाजूला टोचू. पण महिपतीला बिबट्याच्या खुणेतूनच बाळी हवी होती. दत्तोबानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा काही गिऱ्हाईक हातचं घालवलं नाही. सुई घातली आणि सोन्याची साधी, बारीक, गुळगुळीत तार ओवली. तारेचं वळं मुद्दाम मोठं ठेवलं होतं. कान सुजतो, त्याला हलायला जागा लागते, असं त्याचं म्हणणं. वरचा कान म्हणजे कूर्चा, मऊ हाड, तो खालच्या पाळीसारखा लवकर बरा होत नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत तारच ठेवा, जड काही घालू नका, असंही बजावलं. आणि लगेच मोत्यांची बाळी घडवून, डबीत घालून, तीही हातात दिली. आधी तार विकायची, मग बाळी विकायची, आणि वर उपदेश करायचा, हा त्याचा धंदा होता.

घरी कस्तुराबाईनं नियम लावला. मीठ घालून उकळलेलं पाणी कोमट झालं की धोतराच्या स्वच्छ चिंधीनं सकाळ-संध्याकाळ कान पुसायचा, डाव्या कुशीवर झोपायचं, आणि तारेला बोट लावायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी ती करून घ्यायची. तिसरी महिपतीच्या हातात होती आणि महिपतीचा हात सदा कानावर होता. भेटेल त्याला तार फिरवून दाखवायचा. लोकही असे की मुद्दाम विचारायचे, कानात काय अडकलं आहे, काढून देऊ का.

शिमग्याला त्याचा धीर सुटला. होळीपुढे मानाचा नारळ वाहायचा होता आणि लुकलुकती तार घालून जायचं त्याला लाजिरवाणं वाटत होतं. त्यानं स्वतःच तार काढली आणि बाळी घातली. मोत्यांच्या भारानं ती लोंबायला लागली. लोंबणारा डूल बायकांचा, पुरुषाची बाळी ताठ हवी, असं ठरवून त्यानं चिमट्यानं ती कानाबरोबर घट्ट दाबून टाकली. त्या दिवशी ती खरंच ताठ उभी होती. त्यानं नारळ वाहताना मान तीनदा वळवली.

पुढचे दिवस मी लिहिले नाहीत तरी चालेल, पण मला ते लिहायचे आहेत. कान वांग्यासारखा सुजला. लाल खडा आधी कातडीत रुतला, मग एक मोती गेला. पू झाला, ताप चढला. गाव औषधं घेऊन धावलं. कुणी हळदीबरोबर चुना लावला, कुणी तंबाखू भरली, कुणी खंडोबाचा भंडारा. महिपतीनं सगळं लावून घेतलं, फक्त बाळी काढू दिली नाही. शेवटी तळेगावच्या डॉक्टरनं सांगितलं की असंच चाललं तर आतली कूर्चा कुजेल आणि कानाची वरची बाजू जाईल. म्हणजे शालूच्या लग्नात बाप अर्ध्या कानानं उभा राहणार. बिबट्यानंसुद्धा त्याचं इतकं वाटोळं केलं नव्हतं.

मग कस्तुराबाईनं नवऱ्याला न विचारता दत्तोबाला बोलावणं धाडलं. सोनार आला आहे हे कळताच निम्मं गाव महिपतीच्या ओसरीवर जमलं. काळजीनं आले असं सगळे म्हणत होते. आम्ही मजा बघायला आलो होतो. बयाबाईसुद्धा त्यासाठीच निघाली होती, पण ती नदीकाठानं वळसा घालून येत असल्यामुळे मागे राहिली.

दत्तोबानं बारीक कात्रीनं बाळी कापून काढली. महिपतीचा आवाज परंदवडीपर्यंत गेला असेल. भोक मोकळं सोडलं तर तोंड मिटून घाण आत राहील, म्हणून दत्तोबानं पुन्हा तीच बारीक तार घातली, आधीपेक्षा मोठं वळं करून. पुसता पुसता तो स्वतःशीच पुटपुटला, की सुई पहिल्या दिवशीच लोण्यात गेल्यासारखी का गेली ते आता कळतंय, हे भोक जुनं आहे, कुणीतरी आधी टोचलेलं आहे. डोळ्यांत पाणी असतानाही महिपतीनं बिबट्या काढला. पंजा उगारला इथपर्यंत तो आला होता.

तेवढ्यात बयाबाई पायरीवर टेकली. धाप लागलेली, पायांना नदीचा चिखल. तिनं तार पाहिली, कान पाहिला.

"महिपा," ती म्हणाली, "तुजा बिबट्या म्या हाय, बाबा."

महिपतीनं विचारलं की म्हणजे काय.

"तुज्या आदी तुज्या आईची तीन लेकरं गेली. तू झालास तवा ती पदर पसरून माज्या दारात आली व्हती. मी नवी नवरी. गळ्यातला सोन्याचा येक मणी तोडून दिला. आणिक चार घरी फिरली. त्याची तुला बाळी क्येली, अशीच, तारेवानी. कान लाल बी झाला न्हाई तुजा. पुडं तू जगलास, मंग तुज्या बापाला लाज वाटाया लागली. भिकंचं सोनं आपल्या पोराच्या कानात कशाला, म्हून त्यानं काडून इंद्रायणीत टाकली. भोक बुजलं. ह्यो त्येचा वण हाय."

एवढं सांगून तिनं पाणी मागितलं. कस्तुराबाईनं तांब्या दिला. महिपतीचा हात सवयीनं कानाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

यानंतर महिपती एका रात्रीत साधू झाला असं कुणाला वाटत असेल तर ते त्याला ओळखत नाहीत. वाट बंदच राहिली. काटे तिथंच होते. फक्त मिठाच्या पाण्याला तो निमूटपणे कान द्यायला लागला आणि तारेला बोट लावायचं त्यानं सोडलं. वैशाखापर्यंत सूज उतरली. वरची कड जरा चुरगळली, पण कान शाबूत राहिला.

लग्नाला बयाबाईला बोलावणं होतं. ती आली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, कारण वळसा तेवढाच लांब होता. मांडवाच्या दारात ती लुगड्याचा काठ पिळत उभी राहिली. नेमके तेव्हाच रखमाजी व्याही महिपतीच्या कानाकडे पाहत होते. त्यांनी हसून विचारलं, "काय व्याही, येवड्या मोट्या मानसाच्या कानात नुसती तार? आणि ह्यो वण कशाचा?"

सगळा मांडव बिबट्याची वाट पाहू लागला. मान कुठल्या बाजूला वळते यावर आम्ही दोघांतिघांनी पैज लावली होती. महिपतीनं व्याह्यांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तार माजी हाय," तो म्हणाला. "कान भिकंचा हाय."

व्याही खो खो हसले. मोठी माणसं आपल्याच तोंडानं आपल्याला भिकारी म्हणवतात, ही त्यांना मोठेपणाची तऱ्हा वाटली. त्यांनी महिपतीला हाताला धरून शेजारी बसवलं. त्याच्यामागून सगळा मांडव हसला. बयाबाई हसली नाही. महिपती उठला, तिला आत घेऊन आला आणि पहिल्या पंगतीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जाऊन त्यानं एकट्यानं काटे उचलले. आम्ही लांबून पाहत होतो, मदतीला कुणी गेलं नाही. हाताला काटा लागून बरंच रक्त आलं. त्या काट्याचा त्यानं पुढे बिबट्या केला नाही.

ती वाट अजून आहे आणि आंबीत तिला बिबट्याची वाट म्हणतात. नवखं कुणी विचारतं की इकडे खरंच बिबट्या यायचा का. आम्ही सांगतो, यायचा, रोज सकाळी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन.